प्रमिलाबाईंची बर्फी कागदावर चढते

"सूनबाई, तू हे कागद कात्रीनं काप, पण सारखे काप. पांढुर्ण्याचा माणूस येऊन राहिला," प्रमिलाबाईंनी स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा बजावले. मोहगावच्या त्या घरात रविवारच्या सकाळी एवढी धावपळ मुलाच्या, प्रतीकच्या लग्नानंतर प्रथमच होत होती. अंगण सारवले होते, चटया अंथरल्या होत्या, आणि मधोमध स्टुलावर लोणच्याची रिकामी काचेची बरणी एखाद्या नवरदेवासारखी बसवली होती.

कारण अब्रूचे होते. प्रमिलाबाई आणि त्यांच्या बचतगटातल्या बायका संत्रा बर्फी करत. संत्री घरच्या बागेतली, खवा घरच्या म्हशीचा. "रंग नाही, फक्त संत्रा" हे वाक्य प्रमिलाबाईंनी डब्यांवर छापून घेतले होते. ते त्या बोलतानाही मधूनमधून घालत, मग विषय बर्फीचा असो की ग्रामसभेचा. पांढुर्ण्याचे पुंडलिकराव मिठाईवाले ही बर्फी नेत असत. यंदा दिवाळीला दुकानाचा दर्शनी भाग याच बर्फीने भरायचा त्यांचा विचार होता. पण मागच्या आठवड्यात त्यांनी डबा उघडला, तुकडा उजेडात धरला आणि भुवई वर केली.

"प्रमिलाबाई, पयले तुमची बर्फी फिक्कट राहे. आता एकदम चकाचक केशरी झाली. मले शक येऊन राहिला."

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून पुंडलिकरावांचे बोलणे थोडे कलेक्टरसारखे झाले होते. त्यांनी शक घेतला म्हणजे जणू नोटीसच निघाली. प्रमिलाबाई मात्र नोटिशीला घाबरणाऱ्या नव्हत्या; हा केशरीपणा त्या यंदाच्या पिकल्या संत्र्यांचाच समजत होत्या. त्यांनी बाजारात, चार माणसांसमोर, पदर खोचून सांगितले, "मायी सून सौसरच्या शाळेत केमिस्ट्री शिकवते. रंगाचं दूध का दूध करून दाखवते ते. येत्या रविवारी या माया अंगणात. तुमच्याजवळचाच तुकडा घेऊन या, म्हणजे मी बदलला म्हणून नका म्हणू."

अशा रीतीने सुचिताला न विचारता सुचिताचा कार्यक्रम ठरला. तिला राग मात्र आला नाही. सासू आपल्या शिक्षणाची चारचौघांत शान मारते, हे सुख किती सुनांच्या वाट्याला येते? शिवाय कागदावर रंग वेगळे करणे हा तर तिचा हातखंडा प्रयोग. सौसरच्या शाळेतल्या पोरांना ती हा प्रयोग शिकवे तेव्हा तिचा आवाज कीर्तनकारासारखा चढे. पोरे मात्र जांभया देत. म्हणून तिने त्याचे व्हिडिओ बनवून पोरांना पाठवायला सुरुवात केली होती. संध्याकाळी ओसरीवर ती बोले आणि मोबाईल धरून उभे राहत तिचे सासरे, भिवाजी. भिवाजींचा हात हाले, मग पुन्हा पहिल्यापासून. कधी गाय हंबरे, मग पुन्हा पहिल्यापासून. एकेक व्हिडिओ भिवाजींनी इतक्या वेळा ऐकला होता की तितक्या वेळा शाळेतल्या एकाही पोराने ऐकला नसेल.

भिवाजी म्हणजे फार मदतीचा माणूस. बोलणे कमी, मदत जास्त. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी प्रमिलाबाईंना "स्वयंपाक बरा झाला" असे तोंडाने कधी म्हटले नव्हते. दुसऱ्यांदा वाढून घेतले की समजायचे. बर्फी ढवळायला मात्र ते रोज हजर असत. या परीक्षेची गोष्ट निघाली तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले होते, "कशाले पाहिजे जी तपासणी? आपल्याले ठाऊक हाये न आपण काय करतो ते." त्यावर प्रमिलाबाईंनी असे पाहिले की ते म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

दहाच्या सुमारास पुंडलिकराव आले. सोबत बर्फीचा तुकडा, पांढऱ्या रुमालात बांधलेला. गल्लीतली झाडून सगळी माणसे आली. शेजारच्या केसरबाई, ज्यांच्याशिवाय मोहगावात बारसे ते दुकानाचे उद्घाटन काहीही होत नसे, त्या नव्या लुगड्यात ओवाळणीचे ताट घेऊनच आल्या.

सुचिताने घसा साफ केला. "हे पाहा जी, खालच्या बाजूने पेन्सिलीची ही रेघ. या रेघेवर तीन ठिपके देते. एक पुंडलिकभाऊंनी आणलेल्या बर्फीचा, एक बाजारातल्या केशरी रंगाचा, अन् एक ताज्या संत्र्याच्या रसाचा. कागद बरणीत लटकवायचा. तळाशी थोडंसं मिठाचं पाणी. पाणी कागदातून वर चढते. संत्र्याचा स्वतःचा रंग पाण्यात विरघळत नाही, तो बसल्या जागी बसून राहते. बाजारातला रंग मात्र पाण्याच्या मागे मागे वर चालत जाते. बर्फीचा ठिपका चालला त रंग हाये. बसून राहिला त नाही."

"म्हणजे असली हाये ते बसून राहते अन् नकली हाये ते वर चढते," पुंडलिकराव म्हणाले.

"राजकारणासारखंच मंग," कोणीतरी मागून म्हटले आणि अंगण हसले. प्रमिलाबाईंनी मात्र सुनेकडे असे पाहिले, जणू हे मिठाचे पाणी सुनेनेच शोधून काढले आहे.

सुचिताने चार कागद कापून ठेवले होते. पहिल्यावर दातकोरणीच्या टोकाने तिने ठिपके दिले. बर्फी तिने आधी स्पिरिटमध्ये कुस्करून तिचे वरचे निवळ घेतले होते. ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, त्याच जागी पुन्हा द्यायचा, पण पसरू द्यायचा नाही. श्वास रोखून तिने हे केले, कागद वाळायला ठेवला आणि हात धुवायला आत गेली. परत आली तेव्हा कागद बरणीत लटकला होता.

"तू दमली असशीन म्हणून म्या लावून देल्ला," भिवाजी म्हणाले. "अन् तुयी पेन्सिलीची रेघ लय पुसट होती, मागच्या लोकाइले दिसत नोहोती. म्या गडद केली."

"कशानं?" सुचिताचा आवाज चिरकला.

भिवाजींनी खिशातून बर्फीच्या डब्यांवर तारीख टाकायचा काळा स्केच पेन काढून दाखवला. तेवढ्यात पाणी रेघेला पोचलेच. काळी रेघ फुटली. आधी निळा रंग निघाला, मग गुलाबी, मग पिवळा, आणि तिन्ही रंग पताकांसारखे वर फडफडत निघाले. ठिपके त्यात कुठे बुडाले कोणाला कळले नाही.

"अवं माय! बर्फीत निळा रंग?" मागून एक बाई किंचाळली.

"निळा, गुलाबी, पिवळा," पुंडलिकराव गंभीरपणे म्हणाले. "प्रमिलाबाई, तुम्ही बर्फी करता का रंगपंचमी?"

"बर्फीतला नाही जी हा! पेनातला हाये!" सुचिताने कागद ओढून काढला. "रेघ पेन्सिलीनंच ओढावी लागते. पेन्सिल चढत नाही, शाई चढते. हे तर मी पोराइले पयल्या दिवशी सांगते."

"मले काय मालूम, सूनबाई," भिवाजी खाली पाहत म्हणाले. प्रमिलाबाईंनी त्यांच्या हातातून पेन घेऊन आपल्या कमरेला खोचला.

दुसरा कागद सुचिताने स्वतः आखला, स्वतः ठिपके दिले, स्वतः लटकवला आणि झाकण लावले. पुंडलिकरावांनी तिला विचारले, झाकण कशाला हवे? तिने वळून उत्साहाने समजावले, की आतली हवा ओलसर राहिली पाहिजे, नाहीतर कागद वरून सुकतो आणि पाणी वेडेवाकडे चढते. चांगला प्रश्न विचारणारा विद्यार्थी तिला सौसरमध्ये कधी मिळाला नव्हता, त्यामुळे उत्तर जरा लांबले.

इकडे भिवाजी केसरबाईंजवळ सरकले. "केसरबाई, पयला कागद काहून बिघडला असन?"

"काहून?"

"पूजा कुठी झाली?"

केसरबाईंच्या मनात लख्ख प्रकाश पडला. समोर स्टुलावर पाण्याची बरणी, तिच्यासमोर जमलेला समाज, हाती ताट, आणि आपण नुसत्या बसून! पाणी भरलेले भांडे मांडले म्हणजे तो कलशच झाला. त्या उठल्या, झाकण उचलले, बरणीला बाहेरून हळदीकुंकवाची बोटे ओढली आणि आत चिमूटभर कुंकू, चार अक्षता आणि एक झेंडूचे फूल सोडले. हात जोडले. दोघातिघांनी मागे मागे हात जोडले. पुंडलिकरावांनीही सवयीने टोपी सारखी केली.

सुचिता वळली तेव्हा बरणीतले पाणी लालगुलाबी झाले होते आणि कागद पायापासून लाजत वर चालला होता.

"केसरमावशी!"

"काय झालं? भरल्या बरणीले बिनकुंकवाची ठेवत नसते, पोरी. बिघडन तुयं सगळं."

"बिघडलंच!"

"मंग पाहा, म्या म्हणलं नोहोतं?" केसरबाई विजयाने म्हणाल्या.

आता चहा आला. प्रमिलाबाईंनी तो पुंडलिकरावांना स्वतः दिला. चुलीपुढे तासन्‌तास उभे राहून त्यांनी ही बर्फी नावारूपाला आणली होती. बचतगटातल्या बायका भिंतीशी ओळीने बसल्या होत्या. आज नाव गेले तर दिवाळीला पुंडलिकरावांच्या दुकानात दुसऱ्या कोणाची बर्फी बसेल, आणि मोहगावच्या बायका पुन्हा आपापल्या घरी. सुचिताला ते दिसत होते. तिने बरणी घासून धुतली, नवे मिठाचे पाणी केले आणि तिसरा कागद लटकवला. झाकणावर तिने वजन म्हणून वरवंटा ठेवला. मग सासूने नजरेने सांगितले म्हणून ती चहाचे कप गोळा करायला गेली.

परत आली तर अंगणात टाळ्या वाजत होत्या. पुंडलिकराव बरणीपुढे वाकले होते. पाणी कागदावर अर्ध्याच्या वर चढले होते आणि कागद स्वच्छ कोरा होता.

"काही चढलं नाही!" पुंडलिकराव मोकळे हसत म्हणाले. "प्रमिलाबाई, माफ करा मले. रंग नाही तुमच्या बर्फीत. दिवाळीची ऑर्डर पक्की."

बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. प्रमिलाबाई डोळ्यांना पदर लावून सुनेकडे धावल्या आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मायी वाघीण हाये तू, वाघीण!"

वाघीण मात्र बरणीकडे पाहत होती. पाणी वाढले होते. तिने तळाशी थोडेसे ठेवले होते, आता बरणी अर्धी भरली होती, आणि पेन्सिलीची रेघ ठिपक्यांसकट पाण्यात बुडाली होती. वरवंटा खाली जमिनीवर होता, त्याच्याशेजारी पितळी लोटा, आणि लोट्याशेजारी भिवाजी.

"मामाजी, तुम्ही पाणी ओतलं?"

"पाहुण्यासमोर तळाशी घोटभर पाणी ठेवणं बरं नाही दिसत, सूनबाई. लोक म्हणतीन, यायच्या घरी पाणीही मोजून मिळते."

सुचिता बरणीशी वाकली. तिला हे क्षणात कळले होते: रेघ बुडाली की ठिपके वर चढत नाहीत, खालच्या पाण्यातच विरघळून जातात. कागद कोरा होता, कारण कागदावर काही उरलेच नव्हते. बाजारातला केशरी रंग, जो चढायलाच हवा होता, तोही नाहीसा झाला होता. पाण्यात बारीक पिवळी झाक आली होती, पण ती फक्त तिलाच दिसत होती.

गप्प बसले तर सगळे छान होते. ऑर्डर पक्की, सासू खूश, टाळ्या झालेल्या. सौसरच्या शाळेत एखाद्या पोराने असा कागद आणून दिला असता तर तिने तो त्याच्यासमोर फाडला असता. पण ते सौसर होते. इथे तिच्या गालावर अजून सासूचे हात होते.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे चुकलं."

"काय चुकलं?"

"कागद. बाजारातला रंगही चढला नाही. तो त चढलाच पाहिजे होता. म्हणजे ही परीक्षा झालीच नाही. पुंडलिकभाऊ, टाळ्या वापस घ्या जी."

पुंडलिकराव बरणीपासून मागे सरले. प्रमिलाबाईंचे हात सुनेच्या गालांवरून गळून पडले. एक बाई कुजबुजली, "आपल्याच घराचं नाव मातीत घालून राहिली हे." प्रमिलाबाईंनी ते ऐकले. त्या ताठ झाल्या, मान वर केली आणि म्हणाल्या, "मायी सून चुकलं म्हणते त चुकलं. कर पुन्हा. मायी बर्फी दहादा कागदावर चढव, मले काय भेव?"

कागद एकच उरला होता. सुचिताने स्टूल ओढून बरणी आपल्या मांडीजवळ घेतली. बोटांना तेल-तूप लागू नये म्हणून कागद फक्त कडेने धरला. ठिपके टाचणीच्या डोक्याएवढे दिले, फुंकर न घालता वाळू दिले. पाणी रेघेच्या खाली आहे हे वाकून पाहिले. कागद बरणीच्या भिंतीला कुठे टेकत नाही हे चारी बाजूंनी पाहिले. झाकण लावून त्यावर स्वतःचा तळहात ठेवला. केसरबाईंचे ताट तिने माजघरात पाठवले. अंगणात कोणी खोकले तरी ती मान वर करून बघे. पोरांना ती हे नियम नुसते सांगत असे. सगळे पाळून दाखवायची वेळ आज आली होती, आणि तिचा हात एकदाही हलला नाही.

पाणी चढू लागले. लोक स्टुलाभोवती दाटले, पण बरणीला हात लावायची कोणाची हिंमत होईना. ठिपक्यांवर आता काय चाललेय ते तिच्या अंगाच्या आडोशात फक्त तिलाच दिसत होते. संत्र्याच्या रसाचा ठिपका बसला होता. बाजारातला रंग निघाला होता. आणि बर्फीचा ठिपका, तो क्षणभर थांबला, अवघडला, आणि बाजारातल्या रंगाच्या बरोबरीने चालू लागला.

तिने डोळा काचेला लावून पुन्हा पाहिले. तेवढ्यात कानाशी भिवाजींचा आवाज आला, अगदी हळू.

"सूनबाई, काढू नको त्याले. वरच्या काठाले लागू दे. पाणी काठाले लागलं का सगळे ठिपके पसरून जातात, अन् मंग काही म्हणजे काही वाचता येत नाही."

सुचिताने वळून पाहिले. हे वाक्य तिचे होते. "काही म्हणजे काही" सकट तिचे होते. व्हिडिओत ती हे बोट नाचवून म्हणत असे आणि भिवाजी समोर मोबाईल धरून उभे असत.

शाई चढते. बाहेरचे काही आत पडू द्यायचे नाही. रेघ बुडू द्यायची नाही. काठाला लागू द्यायचे नाही. एका सकाळी एका माणसाने तिच्या व्हिडिओतल्या सगळ्या चुका केल्या होत्या, त्याही तिने शिकवलेल्या क्रमाने.

"मामाजी," ती कुजबुजली, "बर्फीत रंग तुम्ही टाकला?"

भिवाजींच्या डोळ्यांत पाणी होते. "प्रतीकच्या मायचं नाव हाये, पोरी. थोडा वेळ. फक्त थोडा वेळ लागू दे."

पाण्याची ओल वरच्या कडेपासून बोटभर अंतरावर होती. मग अर्ध्या पेरावर आली. सुचिताने एकदा सासूकडे पाहिले. प्रमिलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, मान ताठ, सुनेवर नको तेवढा विश्वास असलेला चेहरा. त्या चेहऱ्यासमोर खोटा कागद धरणे सुचिताला जमले नाही. तिने झाकण उचलले, कागद बाहेर काढला, पाणी जिथवर आले होते तिथे लगेच पेन्सिलीची खूण केली आणि कागद उंच धरला.

"रंग हाये," ती म्हणाली.

बर्फीचा ठिपका आणि बाजारातला ठिपका जुळ्या भावांसारखे एकाच उंचीवर उभे होते. मागच्या माणसालाही दिसावे इतके स्पष्ट. असा सुरेख कागद तिच्याकडून आजवर कधी उतरला नव्हता.

प्रमिलाबाईंनी तो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. "मायी बर्फी?" त्या म्हणाल्या. "माया हातची? कोणं टाकला रंग?"

"म्या," भिवाजी म्हणाले.

भिवाजी उभे राहिले, आणि ज्या माणसाने आयुष्यात सलग चार वाक्ये बोलली नव्हती तो बोलत सुटला. "नत्थूजीच्या पोरीच्या लग्नात म्या ऐकलं. दोन पाहुणे म्हणून राहिले, चव चांगली हाये पण दिसाले फिक्की हाये, बिमार माणसासारखी. मले सहन नाही झालं. तू चुलीसमोर हात भाजून घेते, अन् लोक म्हणतेत फिक्की! म्या पांढुर्ण्यावरून रंगाची पुडी आणली. ढवळता ढवळता जरासा टाकला. मंग लोक म्हणाले, वा, काय दिसून राहिली! मले बरं वाटलं. मंग रोज टाकला. मग हे परीक्षेचं निघालं, अन् मले समजलं का म्या तुयं नाव खराब करून ठेवलं."

प्रमिलाबाईंना राग आला होता, हे सगळ्यांना दिसत होते. पण रागाच्या आत दुसरे काहीतरी हलत होते आणि ते त्यांना स्वतःलाच आवरेना. त्यांनी पदराने नाक पुसले, नवऱ्याकडे न पाहता सुनेकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाहिलं? पाहिलं का मायी सून? सासूले नाही सोडलं, सासऱ्याले नाही सोडलं! अशी सून हाये का कोणाच्या घरी, सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत?"

मग त्या पुंडलिकरावांसमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमचा शक बरोबर होता. हे बर्फी नापास. ऑर्डर वापस घ्या. पण एक सांगते. उद्यापासून बर्फी पयल्यासारखी फिक्की होईन, अन् प्रत्येक घाणा मायी सून तपासन."

"बाई, फिक्की बर्फी दिवाळीत कोण घेईन?" पुंडलिकराव विचारात पडले.

"ते तुम्ही पाहा. नाही त असं करू," प्रमिलाबाई उदारपणे म्हणाल्या, "सूनबाई येत्या रविवारी पांढुर्ण्याले येईन तुमच्या दुकानात. तुमची जिलबी, तुमचे लाडू, तुमचा पेढा, सगळं एकेक कागदावर चढवू. म्हणजे गिऱ्हाइकाले कळन, कोणाचं फिक्कं अन् कोणाचं नाही."

पुंडलिकरावांचा टोपी सारखी करणारा हात थांबला. त्यांनी सुचिताकडे पाहिले. सुचिता बरणी पुसत होती, अगदी नीट, कडेकडेने. सासूला नापास करणारी ही बाई परक्याच्या लाडवावर दया करील असे तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते.

"ऑर्डर पक्की," पुंडलिकराव घाईने उठत म्हणाले. "फिक्कीच द्या. जितकी फिक्की देता येईन तितकी द्या. दर्शनीच ठेवतो. पण सूनबाईले उगाच तकलीफ नका देऊ, प्रमिलाबाई. इतक्या दूर कुठी येतीन त्या!"

गर्दी पांगली. चटया उचलताना सुचिता सासऱ्यांजवळ आली. तिला रागवायचे होते, पण शब्द भलतेच निघाले. "मामाजी, तुम्ही एकही चूक चुकीची नाही केली. सौसरच्या माया वर्गात एकाही पोराले हे सगळं सांगता येत नाही."

"तू चांगली शिकवते न," भिवाजी ओशाळून म्हणाले. "मोबाईल धरून धरून माया हात दुखला, पण डोक्यात गेलं."

सुचिताचा ऊर भरून आला. पहिल्यांदाच तिचे शिकवणे कोणाच्या तरी डोक्यात पूर्ण गेले होते.

संध्याकाळी बर्फीचा नवा घाणा चुलीवर चढला. भिवाजी ढवळायला बसले, पण आज त्यांच्या बंडीचे दोन्ही खिसे प्रमिलाबाईंनी उलटे करून पाहिले होते. बर्फी थापली, वड्या पाडल्या, आणि ती पूर्वीसारखीच निघाली, उन्हात वाळलेल्या सालीसारखी फिकट. भिवाजींनी एक वडी तोंडात टाकली. दुसरीसाठी हात पुढे केला.

प्रमिलाबाईंनी ताट मागे ओढले. "दुसरी घेऊन नाही चालन आज. तोंडानं सांगा."

भिवाजींनी इकडेतिकडे पाहिले. सुचिता मुद्दाम भांडी वाजवू लागली. भिवाजी घसा खाकरून पुटपुटले, "चांगली झाली."

प्रमिलाबाई उठल्या, कुंपणाशी गेल्या आणि शेजारच्या अंगणात हाक मारली, "केसरबाई! ओ केसरबाई! जरा इकडे या लवकर!" मग मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या, "हां, आता सांगा पुन्हा. अन् जरा मोठ्यानं सांगा, गल्लीत आयकू गेलं पाहिजे."